हंड्याचा हिशेब

'पाणी' या विषयावर शाळेत आपण सर्वांनीच निबंध लिहिलेला आहे. संस्कृतात पाण्याला 'जीवन' म्हणतात या वाक्याने सुरुवात करावयाची आणि पाणी जपून वापरण्याच्या उपदेशाने शेवट, असा त्याचा ठरलेला साचा. मीही तसेच लिहीत असे व गुणही बरे पडत. परंतु गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला ग्रामीण विकासावर चर्चा चालू असताना सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी रोज माणशी १३५ लिटर, खेड्यासाठी ५५ लिटर. पाणीपुरवठ्याची योजना आखताना आपल्याकडे धरले जाणारे हे सरकारी प्रमाण. खेड्याचे पूर्वी ४० लिटरच होते. हा फरक का, असे सरांनी विचारले, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, "खेड्यातल्या लोकांना पाणी कमीच लागतं, सर." वर्ग हसला नाही आणि कुणी विरोधही केला नाही. बऱ्याच जणांना ते खरेच वाटले असावे. हा लेख त्या उत्तराविषयी आहे.

मी पुरंदर तालुक्यातल्या एका लहान गावची. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आकडेमोडीपेक्षा हंड्याशी माझी ओळख जुनी आहे. तेव्हा हिशेब हंड्यानेच करते. आमच्या घरचा हंडा पंधरा लिटरचा, त्यावर ठेवावयाची कळशी आठ लिटरची. म्हणजे एका खेपेला तेवीस लिटर पाणी, आणि लिटरभर पाण्याचे वजन एक किलो हे धरले, तर भांड्यांसकट पंचवीस-सव्वीस किलोचे ओझे. घरात माणसे पाच. सरकारी प्रमाणाने रोजचे पाणी झाले २७५ लिटर. त्यासाठी खेपा लागतात बारा. विहीर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन एक किलोमीटर; बारा खेपांचे बारा किलोमीटर, त्यातले सहा डोक्यावर ओझे घेऊन. पाणी शेंदण्याचा आणि नंबर लागण्याचा वेळ धरून एका खेपेला पंचवीस मिनिटे धरली, तरी पाच तास होतात. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की वाटीवाटीने पाणी भरावे लागते, तेव्हा तर वेळेचा हिशेबच सोडून द्यावा.

कोणती बाई रोज पाच तास पाणी भरील? स्वयंपाक आहे, गुरे आहेत, दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जावयाचे आहे. म्हणून ती सकाळी चार आणि संध्याकाळी दोन अशा सहा खेपा करते. १३८ लिटर. माणशी अठ्ठावीस लिटरही नाहीत. उरलेले पाणी कमी करण्याचे मार्ग घरोघर ठरलेले असतात. आंघोळ एक दिवसाआड, कपडे आठवड्यातून एकदा ओढ्यावर (ओढ्याला असेल तर), भांडी राखेने घासून एकाच पाण्यात विसळायची, आणि हात धुणे म्हणजे बोटे ओली करणे. शासनाने घरोघर शौचालये बांधून घेतली आणि २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, ही चांगलीच गोष्ट. पण शौचालयाला जे पाणी लागते ते कोण आणते, याचा विचार ज्या घरांना नळ नाही तेथे फारसा कुणी केला नाही. तेथे बाईच्या दोन खेपा वाढल्या, नाहीतर शौचालयात सरपण भरून ठेवले गेले.

तेव्हा खेड्यातल्या माणसाला पाणी कमी लागते, असे नसून कमी आणता येते, एवढेच. जे पाणी डोक्यावरून येते त्याचे माप माणसाच्या गरजेने ठरत नाही, आणणारीच्या मानेने ठरते. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. गिल्बर्ट व्हाइट, डेव्हिड ब्रॅडली आणि अ‍ॅन व्हाइट या तिघांनी पूर्व आफ्रिकेतील केनिया, युगांडा व टांझानिया या देशांत घरोघर जाऊन पाण्याचा वापर मोजला आणि १९७२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. घरात नळ असलेली माणसे पाणी वाहून आणणाऱ्यांच्या कित्येक पट पाणी वापरतात, असे त्यांना आढळले. त्यांनी रोगांचीही नवी विभागणी केली. घाण पाणी पोटात गेल्याने होणारे रोग आपल्याला ठाऊक असतात. पण खरूज, डोळ्यांची खुपरी यांसारखे रोग पाणी पुरेसे नसल्यामुळे, अंग आणि तोंड धुता न आल्यामुळे होतात. विहिरीचे पाणी कितीही शुद्ध केले तरी हे रोग हटत नाहीत. ते हटावयाचे तर पाणी दारात यावे लागते. माझ्या मते नळाच्या बाजूने याहून मोठे कारण नाही, आणि सोयीसुविधांच्या भाषणात नेमके हेच येत नाही.

शहराला मात्र हे फार पूर्वी कळले होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळातून पुण्यात आणले आणि पेठापेठांतून हौद बांधले. पुढे इंग्रजांनी खडकवासल्याचे धरण बांधले; १८७९ च्या सुमारास ते पूर्ण झाले. आता खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी साठते. त्यातले पुण्याने किती घ्यावे यावरून महापालिका आणि पाटबंधारे खाते यांचा वाद आपण दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत वाचतो. मी शिक्षणासाठी मावशीकडे रहाते ते कर्वेनगर हेही एके काळी खेडेच होते. हिंगणे बुद्रुक त्याचे नाव. १९०० साली महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी विधवांचा आश्रम पुण्यातून येथे हलवला, तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या माळावर एक झोपडी होती आणि अण्णा शहरातून मैलोन् मैल चालत येत. आज त्याच हिंगण्यात मावशीच्या दोन खोल्यांत सकाळी तोटी फिरवली की पाणी येते. पाणी आले नाही तर गल्लीत आरडाओरड होते, नगरसेवकाला फोन जातो. खेड्यात पाणी आले नाही तर बाई हंडा उचलते. दोन्हीकडच्या माणसांत फरक नाही. पाण्यावर आपला हक्क आहे हे एकीकडे नळाने शिकवले आहे.

हक्काचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. विहीर सार्वजनिक म्हटली तरी तिच्यावर कुणी यावे आणि कुणी येऊ नये हे आपल्या समाजात ठरलेले होते. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याच पुण्यात. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. घरोघरच्या नळाला वेगळा पाणवठा नसतो, त्यामुळे तेथे हात आडवा घालणे अवघड. अशक्य मात्र नाही. गावाबाहेरची वस्ती पुष्कळदा नळाच्या शेवटच्या टोकाला असते. वरच्या आळीत तोट्या उघड्या राहिल्या, कुणी नळाला मोटार लावली, की शेवटच्या तोटीतून नुसती हवा येते. पूर्वी पाणी नाकारणारा माणूस दिसत असे, आता दाब कमी पडला म्हणावयाचे. म्हणून योजना पहावयाची तर तिच्या उद्घाटनाच्या फलकापाशी न थांबता शेवटच्या घरी जावे.

खेड्यात पाणी आणण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळला. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली, तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या आणि त्यांवर हापसे बसले. या हापशाची हकीकत मला मोठी गमतीची वाटते. आरंभीचे बिडाचे पंप घरगुती वापराचे होते, सगळ्या गावाने हापसायला लागल्यावर ते महिन्या-दोन महिन्यांत मोडत. तेव्हा १९६० नंतरच्या दशकात जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या लोकांनी पोलादी, दणकट पंप तयार केले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' हा हापसा निघाला आणि तो जगभरच्या खेड्यांत गेला. आपल्या सोलापूरची ही देणगी फार थोड्यांना ठाऊक असेल. पण हापसाही शेवटी पाणवठाच. दांडा खाली-वर करून पाणी काढा आणि डोक्यावरून घरी न्या. शिवाय आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या बेसाल्ट खडकावर बसलेला आहे. या खडकात पाणी रहाते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांत. पावसाळ्यात हा साठा भरतो आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत संपतो. मग हापशातून पाण्याऐवजी आवाज येतो.

धरणाच्या काठची गावे तरी सुखी असतील, असे वाटेल. तसे नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा व भातसा ही धरणे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पहातात. त्या तालुक्यातील डेंगणमाळ या गावात पाणी भरायला हात हवेत म्हणून दुसरी, तिसरी बायको केली जाते, अशी बातमी २०१५ च्या सुमारास देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी छापली. मुंबईत नळासाठी मोर्चे काढणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनी कौतुकाने 'पाणीवाली बाई' म्हटले. डेंगणमाळलाही पाणीवाल्या बाया आहेतच, फक्त त्यांच्या वाट्याला कौतुक आलेले नाही.

आता नळयोजनेकडे वळू. ती चालते कशी, हे गावातल्यांनाही नीटसे ठाऊक नसते. पाण्याचा उद्भव म्हणजे विहीर, बहुधा तलावाच्या किंवा नदीच्या कडेची. तिच्यावर पंप. तेथून मोठ्या नळाने पाणी उंच टाकीत चढते. टाकीत ब्लिचिंग पावडरचे द्रावण मिसळतात. टाकी उंच का, तर पाण्याला दाब उंचीने येतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दर चौरस सेंटिमीटर इतका. मग गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडावयाचे आणि बंद करावयाचे. हे काम पाणी सोडणाऱ्या माणसाचे. गावातला हा सर्वांत महत्त्वाचा नोकर, आणि बहुधा सर्वांत कमी पगाराचा.

आमच्या गावात मी पाचवीत असताना नळ आला. माझी मोठी बहीण त्याआधीच, सातवीनंतर, शाळेतून निघाली होती. आई मजुरीला गेल्यावर पाणी आणि धाकटी भावंडे तिच्याकडे असत. मला ती वेळ आली नाही. बुद्धीने ताई माझ्यापेक्षा सरस आहे हे घरात सर्वांना माहीत आहे. मी आज या अंकात लिहिते आणि ती लिहीत नाही, यात नळाच्या तारखेचा मोठा वाटा आहे.

पण तो नळ टिकला नाही. आज त्याला तीन दिवसांआड पाणी येते, आणि गेल्या उन्हाळ्यात दोन महिने आलेच नाही, कारण विजेचे बिल थकल्यामुळे पंपाची जोडणी तोडली होती. तेव्हा मी विज्ञान शाखेतल्या माझ्या मावसभावाला एक गणित घातले. दीड हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर पाणी साठ मीटर उंच चढवायला वीज किती लागेल? त्याने मांडणी केली. रोजचे पाणी ८२,५०० लिटर. ते साठ मीटर उचलायला लागणारी ऊर्जा साडेतेरा युनिट. पंप निम्मी वीज वाया घालवतो असे धरले तर सत्तावीस युनिट, नळातले घर्षण धरून तीस म्हणू. गावात तीनशे घरे असतील, तर घरटी महिन्याला तीन युनिट! चाळीस वॅटचा एक दिवा पंचाहत्तर तास जाळला तर एवढी वीज जाते. मला वाटले, त्याचे काही तरी चुकले. त्याने दोनदा करून दाखवले.

म्हणजे वीज महाग म्हणून नळ बंद पडत नाही. बिल साऱ्या गावाचे एकदम येते आणि पाणीपट्टी मात्र एकेका उंबऱ्यावरून गोळा करावी लागते, तेथे घोडे अडते. ज्यांच्या शेतात स्वतःचे बोअर आहे त्यांना नळाची गरज नसते, ते पट्टी देत नाहीत. शेवटच्या टोकाची माणसे म्हणतात, पाणी येत नाही तर पैसे कशाचे? मधले म्हणतात, ते देत नाहीत तर आम्हीच का? निवडणूक जवळ आली की वसुलीचे नाव कुणी काढत नाही. थकबाकी वाढते, जोडणी तुटते, आणि मग टँकर मागावा लागतो. टँकरचा खर्च सरकारचा, त्यामुळे तो कुणाला दिसत नाही. त्यात उद्भवही धड रहात नाही. विहिरीच्या शेजारी उसासाठी नवे बोअर पडले की गावची विहीर आटते. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात १९९३ सालीच झाला. पण तक्रार करावयाची कुणाविरुद्ध? ज्याच्या शेतात मजुरीला जावयाचे, त्याच्या?

आणि नळाला पाणी आले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. कर्वेनगरहून राजाराम पूल ओलांडला की सिंहगड रस्ता लागतो. तेथून पुढे धरणाच्या दिशेला नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही २०२१ साली महापालिकेत आलेली गावे. जानेवारी २०२५ मध्ये याच परिसरात 'गियाँ बारे' या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. चालती-बोलती माणसे हातपाय लुळे पडून दवाखान्यात गेली, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे वळले. तेथे घरोघर नळ होते. पण त्यांतून येणारे विहिरीचे पाणी शहराच्या इतर भागांसारखे जलशुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेले नव्हते. पलीकडच्या काठावर आमच्या गल्लीत त्या महिन्यात सगळ्यांनी पाणी उकळून प्यायला सुरुवात केली. मावशी म्हणाली, "गॅस किती जातो बघ." खेड्यात उकळायला सरपण लागते, आणि तेही डोक्यावरूनच आणावे लागते.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर केले. तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम सतरा टक्के घरांना नळ होता. आज नळ मिळालेल्या घरांची संख्या पंधरा कोटींच्या वर गेली आहे. काम लहान नव्हे, आणि जे नाके मुरडतात त्यांनी एकदा बारा खेपा करून पहाव्यात. सर्वांना नळ देण्याची २०२४ ची मुदत मात्र पुढे जाऊन २०२८ झाली आहे. माझी तक्रार मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. तोटी बसवली की घर मोजले जाते. त्या तोटीला मे महिन्यात किती दिवस, किती वेळ पाणी आले आणि ते पिण्याजोगे होते का, हे गावातल्या वहीत कुणी लिहिले तरच कळणार. आमच्या दारात या योजनेची नवी तोटी आहे. कागदावर आमचे घर झालेले आहे.

या योजनेत गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. आमच्या गावी त्यासाठी नावे हवी होती म्हणून माझ्या आईचे नाव घातले गेले. पहिल्या वर्षी तिने विचारतील तेथे सही केली. गेल्या उन्हाळ्यात पंप बंद पडल्यावर मात्र तिने ग्रामसेवकांना विचारले, "बिल किती आहे आणि पट्टी कुणाकुणाची राहिली, ते सांगा भाऊ." पुढच्या महिन्यात बघू, असे उत्तर आले. तिने पुढच्या महिन्यात पुन्हा विचारले. असे चार महिने चालले, तेव्हा वही सभेपुढे ठेवण्याचे कबूल झाले. येत्या १ मे रोजी ग्रामसभा आहे. त्या दिवशी मी गावी जाणार आहे. आईला सही करता येते, आकडेही थोडेफार कळतात. पण तीनशे घरांची नावे उभ्याने मोठ्याने वाचून दाखवायला तिला माणूस हवा आहे.